बॅटरी कोण पितंय

माझा शाळेचा गणवेश गाडी ढकलण्यासाठीच शिवून घेतलाय, असं मला त्या दिवसांत वाटायला लागलं होतं. पाठीला दप्तर, एक वेणी घातलेली, दुसरी सुटी, आणि खांदा गाडीच्या दाराच्या चौकटीला. मागून ढकलायची सोयच नाही, कारण आमची गाडी गॅरेजात उलटी शिरते आणि तिची पाठ भिंतीला टेकते न टेकते अशी उभी राहते. म्हणून एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने आत्या, आणि आत स्टीअरिंगवर आई. कशीबशी गल्लीत आणली की शेजारचे टेम्पोवाले दादा दात घासत यायचे, आपल्या टेम्पोच्या बॅटरीवरून दोन जाड वायरी आमच्या बॅटरीला जोडायचे, आणि आमची गाडी खोकत खोकत जागी व्हायची. दादा ब्रश तोंडातच ठेवून काहीतरी म्हणायचे. बहुतेक 'विकून टाका आता' असंच असावं, पण तोंडात फेस असल्यामुळे आम्ही तो आशीर्वाद समजायचो.

आईची ड्रायव्हिंगची शाळा आहे. शाळा म्हणजे आई आणि ही गाडी, तिसरं कुणी नाही. गाडीत बाजूच्या सीटच्या पायाशीसुद्धा एक क्लच आणि एक ब्रेक आहे. शिकणारा घाबरला, गोंधळला, समोर म्हैस आली तरी त्याने डोळेच मिटले, तर आई आपल्या पायाने गाडी थांबवते. ही जास्तीची पेडलं खऱ्या पेडलांना सळीने जोडलेली असतात, म्हणजे आईने इकडचा ब्रेक दाबला की शिकणाऱ्याच्या पायाखालचाही आपोआप खाली जातो. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच आईच्या पायाशी एक ब्रेक असतो. अजूनही हे अगदीच खोटं आहे असं मला वाटत नाही.

बाबा दूरच्या गावी कामावर असतात आणि फोनवरून गाडी दुरुस्त करतात. त्यांच्या सांगण्यावरून आधी जुनी बॅटरी बदलली. नवी बॅटरी आली, दोन सकाळी गाडी ऐटीत सुरू झाली आणि तिसऱ्या सकाळी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मग बॅटरीवाल्याने गाडी चालती ठेवून तपासली आणि म्हणाला, चालताना बॅटरी व्यवस्थित भरतेय, माझ्या मालात खोट नाही. थोडक्यात, चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि ती जुनी बिचारी बॅटरी कुठेतरी भंगारात पडून आम्हाला शिव्या देत असणार.

आत्या म्हणाली, बॅटरी मरत नाहीये, बॅटरी कोणीतरी पितंय. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती आमच्या वरच्या खोलीत राहते आणि लिफ्ट दुरुस्त करते. मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्टच्या डोक्यावर उभी राहून काम करते, म्हणून तिला सगळं जग वरूनच बघायची सवय झालीय, असं आई म्हणते. तिचं म्हणणं असं की गाडी बंद असतानाही थोडा करंट लागतोच, घड्याळाला, कुलपाला, अशा बारीकसारीक गोष्टींना. तो चिमणीच्या घोटाएवढा. पण कुठेतरी काहीतरी चालू राहत असेल तर ते रात्रभर घटाघट पीत बसतं आणि सकाळी आपण रिकामा माठ घेऊन गल्लीत. ते शोधायचं कसं, तेही तिला माहीत होतं.

आई मात्र शोधण्याच्या पलीकडे गेली होती. ती घरी यायची, चपला काढायची आणि दाराजवळच्या स्टुलावर बसून राहायची, पर्स खांद्यालाच. मी काही विचारलं तर 'हं' म्हणायची, आणि ते 'हं' प्रश्न संपायच्या आधीच यायचं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर पाय ठेवून बसायचं, हे काय कमी दमवणारं काम आहे? पण पूर्वी ती येऊन आम्हाला गोष्टी सांगायची. कोण वळताना वायपर चालू करतं, कोण हॉर्न वाजवून स्वतःच दचकतं. हल्ली गोष्टीही बंद.

मग एका संध्याकाळी तिने स्टुलावर बसूनच सांगितलं. पडदेवाल्या काकूंची लायसन्सची परीक्षा परवावर आली होती. या काकू लोकांच्या घरचे पडदे शिवतात आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची गाडी घेऊन ते पोचवायला जाणार आहेत. आईच्या सगळ्या विद्यार्थ्यांत वयाने मोठ्या आणि जिवाने छोट्या. त्यांना परीक्षेची तारीख मिळवताना नाकी नऊ आले होते, आणि परीक्षा याच गाडीवर द्यायची होती.

"त्या सकाळी ही सुरू झाली नाही ना, तर मी शाळा बंद करते," आई म्हणाली. "चौकातल्या त्या मोठ्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी काउंटरवर बसायला बोलावलंय. बसते जाऊन."

ती रागावून म्हणाली असती तर मी भांडले असते. पण ती गॅस बंद करताना म्हणतात तसं म्हणाली. आई काउंटरवर बसून लोकांना फॉर्म देतेय आणि दुसराच कुणी तरी बाजूच्या सीटवर बसून 'क्लच, क्लच' ओरडतोय, हे माझ्या डोळ्यांपुढे येईचना. आईच्या हाताखाली शिकून आमच्या भागातल्या अर्ध्या बायका गाडी चालवायला लागल्यात. सिग्नलला त्या काच खाली करून तिला हाक मारतात.

आत्याने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "वहिनी, तुम्ही काउंटरवर बसलात तर लोक फॉर्म घेताना पण इंडिकेटर देतील."

आई हसली नाही. आत्या आपला मीटर आणायला वर गेली.

गॅरेज म्हणजे लांबट खोका. समोर लोखंडी शटर, छताला एक पिवळा दिवा, एका भिंतीला जुन्या सायकलचा सांगाडा. गाडी आत शिरली की दोन्ही बाजूंना एक माणूस कुशीवर चालेल एवढीच जागा उरते. आत्याने बॉनेट उघडलं, बॅटरीची एक तार सोडवली आणि त्या तुटलेल्या जागी मीटर जोडला, म्हणजे बॅटरीतून निघणारा सगळा करंट आधी मीटरमधून जाणार आणि मग गाडीत. नळाला मीटर बसवतात तसं. दार उघडं ठेवायचं, पण गाडीला ते कळू द्यायचं नाही, नाहीतर आतला दिवा पेटून राहतो. त्यासाठी तिने दाराची कडी पेचकसाने दाबून मिटवली. गाडीला वाटलं, लागलं दार. मला ही युक्ती भारी आवडली. असं एखादं बटण माणसांना पण हवं.

फ्यूजचा डबा बाजूच्या सीटच्या पुढे, पार खाली, पायांशी. तिथे आईची पाटी ठेवलेली असायची. शिकवणी चालू असताना टपावर 'शिकाऊ' अशी पाटी लावतात, तीच. आमची जाड पत्र्याची आहे, खाली चार लोहचुंबक, आणि उचलली की कळतं की लोखंड कशाला म्हणतात. शिकवणी संपली की ती उतरवून ठेवायची असते, तसा नियम आहे. तर आत्याने ती पाटी ओढून बाहेर काढली, भिंतीला लावली, स्वतः त्या जागेत घडी होऊन शिरली आणि टॉर्च दातात धरली. मी मीटरसमोर. मला बसायला काही नव्हतं, म्हणून मी पाटी आडवी करून तिच्यावर बसले.

"थांब आता," आत्या आतून म्हणाली. "गाडी झोपायला वेळ लागतो. तुझ्यासारखं नाही, पडली की घोरली."

गाडी झोपली. मीटरवरचा आकडा उतरत उतरत इवलासा झाला. चिमणीचा घोट. आत्याने एकेक फ्यूज उपटला, मी एकेक आकडा वाचला. हॉर्नचा काढला, तेवढाच. रेडिओचा काढला, केसभर कमी. काचांचा, वायपरचा, कसलाकसला. आकडा जागचा हलेना. तो आधीच इतका कमी होता की त्यात आणखी कमी व्हायला काही नव्हतंच.

आत्या बाहेर आली तेव्हा तिच्या गालावर सीटच्या शिलाईचा ठसा उमटला होता. गाडी धडधाकट आहे, असं तिने जाहीर केलं. धडधाकट गाडीवर पुन्हा बॉनेट पाडलं, पाटी होती तिथे आत सरकवली आणि आम्ही वर गेलो. सकाळी गाडी सुरू झाली. आत्याची कॉलर ताठ. ती म्हणाली, वायर हलवली की कधी कधी नुसत्या हलवण्याने पण दुरुस्त होतं, लिफ्टमध्ये आम्ही तसंच करतो. ते ऐकून मी ठरवलं की यापुढे जिनेच चढायचे.

त्याच दिवशी संध्याकाळी आई आणि पडदेवाल्या काकू शेवटचा सराव करून आल्या. मी शटर वर करून बाजूला उभी राहिले. काकूंना गाडी मागे घेण्याची भीती वाटते. पुढे जाताना त्या शूर असतात, पण मागे जायचं म्हटलं की मान वळवतात आणि मानेबरोबर स्टीअरिंगही वळवतात. म्हणून आई त्यांना रोजचा शेवटचा धडा गॅरेजात गाडी घालण्याचाच देते. तीन वेळा आत, तीन वेळा बाहेर, एकदा आरशाला भिंतीचा मुका. शेवटी गाडी बसली. काकू उतरल्या, घामाघूम, आणि मला हळूच विचारू लागल्या की सकाळी गाडी नक्की चालू होईल ना. त्यांच्या कानावर आलं होतं. ज्या दिवशी त्या शेवटी येतात त्याच्या दुसऱ्याच सकाळी गाडी बंद पडते, असं टेम्पोवाल्या दादांनी त्यांना सांगितलं होतं म्हणे.

"माझा पायगुण असेल का गं?" काकू म्हणाल्या.

मी म्हटलं, काकू, तुमचा पाय ब्रेकवर तरी कुठे असतो. त्या हसल्या, पण घरी जाताना पावलं मोजून टाकल्यासारख्या गेल्या.

पण त्यांचं वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं. दादा दात घासतात, पण डोळे उघडे ठेवतात. मी आठवायला लागले. आई ज्या दिवशी एकटी गाडी घेऊन घरी येते, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही ढकललेलं मला आठवेना. आणि काल? काल काकू आल्याच होत्या, तरी गाडी सुरू झाली. मग काल वेगळं काय होतं? काल आम्ही होतो.

आत्या कामावरून आली ती चिडचिडी होऊनच. कुठल्यातरी इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि आतल्या गृहस्थाने तिला वरून खाली येईपर्यंत विजेचा सिद्धान्त समजावून सांगितला होता. तिला मीटर लावायचा कंटाळा आला होता. काल बघितलंय, गाडी ठणठणीत आहे, पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं. मी तिच्या मागेच लागले. हल्ली मी एखाद्या गोष्टीच्या मागे लागले की लोक हो म्हणून मोकळे होतात, असा माझा अनुभव आहे. शाळेत प्रयोगशाळेच्या सरांनी तर मला बघितलं की आधीच 'बरं' म्हणायला सुरुवात केलीय.

पुन्हा बॉनेट, पुन्हा तार, पुन्हा पेचकस. आत्याने पाटी बाहेर ओढली, मी तिच्यावर बसले. पुन्हा चिमणीचा घोट. आत्या फ्यूजला हात न लावता सीटवर नुसती बसून राहिली, पाय दाराबाहेर, डोकं मागे टेकवलेलं. ती इतकी दमलेली मी कधी पाहिली नव्हती.

"शहाणे, ऐक," ती डोळे मिटून म्हणाली. "सकाळी सुरू नाही झाली तर तुझ्या आईला सांगू नकोस की आपण दोनदा बघितलं होतं. तिला वाटायला नको, की बघूनही सापडलं नाही."

आत्याला एखादी गोष्ट सापडली नाही, हे आत्या स्वतःच्या तोंडाने म्हणत होती. गॅरेजात लोखंडाचा आणि जुन्या रबराचा वास येत होता. पाटीचा काठ मला टोचत होता, म्हणून मी सरकून बसले, आणि सरकताना खाली पाहिलं.

पाटी.

रात्री ही पाटी गाडीत असते. सकाळी आई आधी ही उचलून टपावर लावते आणि मग किल्ली फिरवते. आत्याही आधी ही बाहेर काढते आणि मग मोजायला लागते. म्हणजे पाटी आत असताना ही गाडी कुणी पाहिलेलीच नव्हती. चोर दाराबाहेर काढून ठेवून आम्ही घराची झडती घेत होतो, आणि मी तर त्याच्यावर बसून.

मी उठून एवढंच म्हटलं की ही आत ठेवून मोजू या. आत्याने एक डोळा उघडला. पाटीला वायर नाही, ती कसला करंट पिणार, पत्र्याचा तुकडा तो. पण वाद घालण्याचं त्राण तिच्यात नव्हतं. तिने पाटी घेतली आणि सीटवर टाकली. आकडा तोच. उभी केली, तोच. खाली पायाशी आडवी सारली, तरी तोच.

"झालं समाधान?"

"आई कशी ठेवते पण?"

ते आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. काल रात्री तर आत्यानेच ठेवली होती, आडवी. रोज घरात ये-जा करणाऱ्या माणसाचं एखादं काम कसं होतं हे कुणी बघत नाही, ते नुसतं झालेलं असतं. मी जिन्यात जाऊन आईला हाक मारली.

आई खाली यायला तयार नव्हती. तिने डोक्याला रुमाल बांधला होता. आली ती भिंत धरून, आणि आत्याला म्हणाली, "वन्सं, उद्या मला लवकर उठायचंय." एरवी ती आत्याला नुसतं 'अगं' म्हणते. 'वन्सं' आलं की समजायचं, आता शब्दाला शब्द नको. आत्याने शब्द वाढवलाही नाही. मी आईच्या हातात पाटी दिली आणि म्हटलं, रोज ठेवतेस तशी ठेव, काही विचार करू नकोस.

"विचार करायला आहे कोण इथे," आई म्हणाली.

तिने पाटी एका हाताने धरली, मांडीवर तोलली आणि गुडघ्याने दारातून आत ढकलली, उभीच. पाटीचं वरचं टोक सीटच्या कडेला अडकलं, खालचं टोक पुढे जाऊन कशावर तरी टेकलं. तिने वर तळव्याने एक थाप दिली, घट्ट बसली की नाही बघायला. या सगळ्यात तिचा दुसरा हात, तोच जो दिवसभर शिकणाऱ्यांच्या स्टीअरिंगवर जातो, तो अंगाशी चिकटलेला होता. मी हे पाहिलं, पण तेव्हा माझं लक्ष मीटरकडे होतं.

आकडा उडाला. चिमणीच्या जागी हत्ती पाणी प्यायला आला.

मी आकडा वाचला. आत्या म्हणाली पुन्हा वाच. पुन्हा वाचला. ती खाली वाकली, तिने पाटीच्या खालच्या टोकाकडे टॉर्च मारली आणि मग भिंतीपाशी गेली आणि गॅरेजातला दिवा मालवला.

गाडीच्या मागची भिंत लाल झाली होती. गाडी आणि भिंतीच्या मधल्या बोटभर फटीतून तो लाल उजेड वर छतापर्यंत आणि बाजूला सायकलच्या सांगाड्यापर्यंत पसरला होता. ब्रेकचे दिवे. पाटी आईच्या बाजूच्या ब्रेकवर टेकून बसली होती. इकडचा ब्रेक दबला की तिकडचा दबतो, आणि ब्रेक दबला की मागचे दिवे लागतात, किल्ली असो नसो. सगळे दिवे रात्रभर एका भिंतीला थांबण्याचा इशारा देत होते. आमचं शटर खाली, पाठ भिंतीला, बघणार कोण. सकाळपर्यंत बॅटरी उतरायची, दिवेही विझायचे, आणि आई येऊन पाटी उचलायची. पुरावासुद्धा उरत नव्हता.

आत्या हसायला लागली. आवाज न करता, पोट धरून. मीही. दोन संध्याकाळी मी त्या पाटीवर बसून चोराची वाट बघितली होती. मग आम्हाला कळलं की आई हसत नाहीये.

ती गाडीच्या पायरीवर, दाराच्या चौकटीत बसली होती, लाल उजेडाकडे बघत.

"म्हणजे मीच," ती म्हणाली.

आत्या हसायची थांबली. तिने दिवा लावला नाही. ती म्हणाली, पण वहिनी, तुम्ही तर पाटी डिकीत ठेवायचात. ते खरं होतं. पूर्वी आई गॅरेजाच्या तोंडाशीच उतरायची, टपावरून पाटी काढायची, डिकीत टाकायची आणि मग बाहेर उभी राहून हातवारे करत गाडी मागे घ्यायला लावायची. आम्ही खिडकीतून बघायचो, आई जणू विमान उतरवतेय. ते कधी बंद झालं, मला आठवत नव्हतं. गाडी एकदा भिंतीला लागली की डिकी उघडतच नाही.

आईने दुसऱ्या हाताने तो हात उचलून मांडीवर ठेवला, परक्याचा असावा तसा.

"हात वर जात नाही गं," ती म्हणाली. "सकाळी निदान ताजा असतो, टपावर पाटी कशीबशी ढकलते. संध्याकाळी उभं राहून हातवारे करायचे, पाटी डिकीत उचलून टाकायची, नाही जमत. म्हणून मी बसूनच राहते आतमध्ये. आणि उतरल्यावर ही इथेच सारते. शिकवणी बाहेरच संपली तर शिकणाराच ती डिकीत टाकतो."

किती दिवसांपासून, असं आत्याने विचारलं. आई खांदा उडवायला गेली आणि अर्ध्यातच थांबली. तेच उत्तर.

आणि मग तिने जे सांगितलं ते मला अजून नीट कुठे ठेवायचं ते कळलेलं नाही. ती म्हणाली, "सकाळी किल्ली फिरवली आणि नुसती टिकटिक झाली ना, की मला आधी बरंच वाटायचं. तुम्ही ढकलायला येईपर्यंत कुणी काही मागत नाही. नुसतं बसायचं."

मी रोज शाळेची घंटा चुकवत घाम गाळत होते, तेव्हा आई आत बसून विसावत होती. मला राग यायला हवा होता. पण मला तिची पाठच दिसली, गाडी ढकलताना दिसायची तशी, सीटला टेकलेली. मी तिच्या शेजारी पायरीवर बसायला गेले. जागा नव्हती. बसले तरी.

आत्याने वाकून पाटी ओढून काढली. भिंत विझली. तिने बॅटरीची तार परत जोडली, हात पुसले, आणि आईला एकही टोमणा न मारता हाताला धरून जिन्यापर्यंत नेलं. हे इतकं अघटित होतं की मला जास्त काळजी वाटायला लागली. पाटी मी माझ्या खोलीत नेऊन ठेवली. रात्रभर तिचे लोहचुंबक माझ्या पलंगाच्या लोखंडी पायाला चिकटून बसले होते.

सकाळी आम्ही सगळ्या गॅरेजात. दादाही आले, ब्रशासकट, वायरी खांद्यावर टाकून. आईने किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, जणू तिचं काही चुकलंच नव्हतं. दादांनी तोंडातला ब्रश काढला. पहिल्यांदाच त्यांचं बोलणं आम्हाला स्पष्ट ऐकू आलं. ते म्हणाले, "मग मी काय करू आता?"

आई हँडब्रेक न काढता तशीच बसून होती. दोन्ही हात मांडीवर. गाडी थरथरत होती आणि ती समोर बघत होती. मला माहीत होतं ती काय ऐकतेय. गाडी सुरू झाली, म्हणजे आता जावं लागणार. मला खूप काही म्हणायचं होतं, तिने शाळा चालू ठेवावी, बंद करावी, झोपावं. यातलं नक्की काय म्हणायचं ते ठरेना, म्हणून मी पाटी दोन्ही हातांनी उचलली आणि टपावर ठेवली. लोहचुंबक खण्णकन बसले.

आईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"तिरकी लावलीस," ती म्हणाली. "सरळ कर."

मी सरळ केली. काकू आल्या, इस्त्रीच्या कपड्यांत, चेहरा पांढरा. आई सरकून आपल्या बाजूला बसली आणि त्या गेल्या.

काकू नापास झाल्या. मागे घेताना. मान वळली, मानेबरोबर स्टीअरिंग. दुपारी मी शाळेतून आले तेव्हा त्या आमच्या जिन्यात बसून पाणी पीत होत्या आणि आई त्यांना समजावत नव्हती, नुसती शेजारी बसली होती. काकूंनी विचारलं, पुढच्या तारखेला मॅडम असतील ना, की त्या मोठ्या स्कूलमध्ये जायचं. आत्यानेच सगळीकडे बोंब मारली असणार.

आईने खांदा थोडा हलवून पाहिला, जिथपर्यंत जातो तिथपर्यंत.

"असेन," ती म्हणाली. "पण संध्याकाळी नाही शिकवणार आता. आणि हाताचं डॉक्टरांना दाखवेपर्यंत पाटी तुम्ही उचलायची, काकू. तोही धडाच समजा."

काकूंनी मान हलवली. मग विचारलं, "सरळ लावायची की तिरकी चालेल?"

आई हसली. मोठ्याने नाही, दमलेलीच, पण त्या हसण्याच्या मागून बऱ्याच दिवसांनी एक गोष्ट आली. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी भीतीने दाराची कडी कशी धरून ठेवली होती, ती. मी दप्तर न काढताच पायरीवर बसले आणि ऐकत राहिले.